कायद्याची वेस

जुन्या गावाला वेस असे. वेशीच्या आत गावचा कायदा, गावची राखण आणि गावची पट्टी. वेशीबाहेर या तिन्ही गोष्टी संपत. कामगारांविषयीच्या कायद्यांचीही अशीच एक वेस असते. ती कधी माणसांच्या संख्येने आखलेली असते, कधी प्रांताच्या सीमेने, तर कधी धंद्याच्या नावाने. हिंदुस्थानात पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. तेव्हापासूनचा इतिहास चाळला, म्हणजे एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस येते. मालकवर्गाच्या वागणुकीवर कायद्याच्या कठोरपणाचा जेवढा परिणाम झाला, त्याहून अधिक तो या वेशीच्या जागेचा झाला. वेस कोठे आहे हे पाहून कोणी कारखाना वाढवला, कोणी तो तोडून लहान केला, कोणी दुसऱ्या मुलखात नेला, आणि कोणी आपण मालकच नाही असे सांगू लागला.

मुंबईची पहिली कापड गिरणी उभारण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली आरंभिला. पुढच्या वीस वर्षांत परळ-भायखळ्याच्या बाजूला धुराडी वाढत गेली. कामाचे तास ठरलेले नव्हते. सूर्योदयाला भोंगा होई आणि सूर्यास्ताला यंत्र थांबे. सात-आठ वर्षांची मुलेही खात्यांतून काम करीत. या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी १८७५ साली मुंबई सरकारने एक कमिशन नेमले. त्याच वर्षी गिरणीमालकांचा संघही स्थापन झाला. हा योगायोग बोलका आहे. कायदा येणार अशी चाहूल लागताच ज्यांच्यावर तो लागू व्हायचा ते एकत्र आले.

त्या काळी मालकांचा विरोध निव्वळ स्वार्थाचा होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. हिंदी कामगारांची हलाखी दूर करा, असा आग्रह विलायतेत सर्वांत मोठ्याने धरणारे लोक लँकेशायरच्या कापडधंद्याशी संबंधित होते. मुंबईचे सूत महाग व्हावे यात त्यांचा उघड लाभ होता. त्यामुळे कारखाने कायदा म्हणजे बाल्यावस्थेतील देशी धंद्याचा गळा आवळण्याची युक्ती, अशी समजूत राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रकारांतही पसरली. आणखी एक आक्षेप अधिक व्यवहारी होता. कायदा एकट्या मुंबई इलाख्यापुरता केला, तर मुंबईचा मालक कलकत्त्याच्या वा मध्य प्रांताच्या मालकापुढे उणा पडेल. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या पारशी गृहस्थाने दयाबुद्धीने कायद्याचा पाठपुरावा केला. पण बंधन घालायचे तर ते सर्वांवर सारखे घाला, हा आक्षेप मात्र निरुत्तर करणारा होता.

अखेर १८८१ चा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी झाला. त्याची वेस शंभर माणसांवर आखली गेली. यंत्रशक्तीवर चालणारा व शंभर किंवा अधिक माणसे कामावर असलेला कारखाना तेवढा त्याच्या कक्षेत आला. सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्याची बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा लागली. प्रौढ स्त्री-पुरुषांविषयी कायदा मौन होता. ज्याच्याकडे नव्वद माणसे होती, त्याला तर यांपैकी कशाचेच बंधन नव्हते.

या मौनाला पहिले उत्तर नारायण मेघाजी लोखंडे यांनी दिले. १८८४ साली त्यांनी गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास मदत, या त्यातील मागण्या होत्या. १८९० साली मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. कायद्याने सक्ती करण्यापूर्वीच ती मान्य झाली, याचे मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. एकट्या मालकाने यंत्र थांबविले तर त्याचे नुकसान होते. सर्वांनी एकाच दिवशी थांबविले तर कोणाचेच शेजाऱ्याच्या तुलनेत नुकसान होत नाही. १८९१ च्या सुधारित कायद्याने ही साप्ताहिक सुट्टी साऱ्या देशाला लागू केली, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली आणि वेस शंभरावरून पन्नासावर आणली. प्रांतिक सरकारला वाटल्यास ती वीसपर्यंत खाली आणण्याची मुभाही दिली. स्थानिक सरकारच्या इच्छेवर कायद्याची वेस पुढे-मागे सरकावी, या पद्धतीचा उगम या कायद्यात दिसतो.

परंतु एक वेस ब्रिटिश कायद्यालाही ओलांडता येत नव्हती, ती संस्थानांची. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा बडोदे, इंदूर वा ग्वाल्हेर येथे आपोआप लागू होत नसे. या मराठी राजघराण्यांच्या राजधान्यांतही गिरण्या उभ्या राहिल्या. तेथे कापूस जवळ होता, बाजार जवळ होता आणि दरबाराचे उत्तेजन होते. त्या जोडीला ब्रिटिश मुलखातील तपासनीसाचा अंमल नव्हता. संस्थानांतील उद्योग केवळ या सवलतीवर वाढला असे नव्हे; तथापि ब्रिटिश मुलखातील मालक कोणत्याही नव्या बंधनाविरुद्ध बोलताना संस्थानांकडे बोट दाखवू लागले, हे खरे.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्त हा आता कामाचा शेवट राहिला नाही. पूर्वी निसर्गाने घातलेली मर्यादा विजेने पुसून टाकली आणि तेजीच्या दिवसांत चौदा-पंधरा तास काम चालू लागले. म्हणून १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला प्रथमच बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली ती दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांवर आली. १९३४ साली बारमाही कारखान्यांसाठी दहा व चोपन्न. आणि स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यात नऊ व अठ्ठेचाळीस. दर वेळी धंदा बुडणार असे भाकीत झाले. पण कामाचे तास घटले म्हणून गिरण्या बंद पडल्या नाहीत. तास घटत गेले तसे यंत्रांवर, देखरेखीवर आणि पाळ्यांच्या आखणीवर मालकांनी अधिक लक्ष पुरविले. जी सुधारणा सर्वांवर सारखी पडली, ती धंद्याने पचविली.

याउलट जेथे कायद्याचा भार माणसागणिक आणि मालकागणिक पडला, तेथे परिणाम वेगळा झाला. त्याचे ठळक उदाहरण मुंबई प्रांताचेच आहे. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे व भत्त्याचे विधेयक आणले होते. ते संमत झाले नाही. पुढे मुंबई कायदेमंडळात तसे विधेयक आले. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला आणि १९२९ साली मुंबईचा मातृत्व-लाभ कायदा झाला. अशा तऱ्हेचा तो देशातील पहिला कायदा होय. लगेच १९३० साली मध्य प्रांताने त्याचे अनुकरण केले. हेतू निर्मळ होता. परंतु भत्त्याची सारी रक्कम त्या त्या बाईच्या मालकाने द्यायची होती. म्हणजे ज्याच्या गिरणीत स्त्रिया अधिक, त्याचा खर्च अधिक. बायकांच्या ऐवजी पुरुष ठेवले की खर्च वाचला, हा हिशेब कोणालाही कळण्यासारखा होता. रात्रपाळीत स्त्रियांना बंदी होती आणि नवी यंत्रेही येत होती. या तिन्ही कारणांनी मिळून पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतून स्त्रिया कमी होत गेल्या. ज्यांच्या रक्षणासाठी दार बांधले, त्यांच्यातल्या पुष्कळजणी दाराबाहेर राहिल्या.

या चुकीचे उत्तर पुढे दुसऱ्या कायद्याने दिले. १९४८ चा राज्य विमा कायदा १९५२ च्या फेब्रुवारीत प्रथम कानपूर व दिल्ली येथे अंमलात आला. त्यात मालक व कामगार यांच्या वर्गणीतून एक सामाईक निधी उभा राहिला आणि आजारपण, अपघात, बाळंतपण यांचा भत्ता त्या निधीतून मिळू लागला. गिरणीत बायका किती, यावर आता मालकाची वर्गणी अवलंबून राहिली नाही. कर्तव्य तेच, हक्क तोच. केवळ पैसा कोणत्या वाटेने यावा एवढे बदलले. २०१७ साली मातृत्व-लाभाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, तेव्हा विमा योजनेच्या कक्षेबाहेरच्या आस्थापनांत हा खर्च पुन्हा एकेकट्या मालकावर पडला, आणि १९२९ चा जुना प्रश्न नव्या कचेऱ्यांतून पुन्हा डोकावू लागला.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली, आणि कामगारविषयक कायदे करण्याचा अधिकार केंद्र व प्रांत या दोघांकडे राहिला. स्वतंत्र भारताच्या घटनेनेही तो समवर्ती सूचीत ठेवला. त्यामुळे एका राज्याचा मालक एका नियमाने बांधलेला, तर शेजारच्या राज्याचा दुसऱ्या, असे चित्र निर्माण झाले. मुंबई प्रांत या बाबतीत नेहमी पुढे असे. खेर मंत्रिमंडळाने १९३८ साली औद्योगिक तंट्यांविषयीचा कायदा केला. संपावर बंधने घालणारा म्हणून त्याला डॉ. आंबेडकर व जमनादास मेहता यांनी कडाडून विरोध केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत त्याविरुद्ध मोठा संप झाला. पुढे १९४६ साली गुलझारीलाल नंदा मजूरमंत्री असताना मुंबई औद्योगिक संबंध कायदा संमत झाला. त्याच्यामागे अहमदाबादच्या मजूर महाजनाचा, म्हणजे वाटाघाटी व लवाद यांच्या परंपरेचा, अनुभव होता.

या कायद्याने मालकाला एक मोठी सोय दिली. एका धंद्यात, एका विभागात, एकच प्रातिनिधिक संघटना. तिच्याशी केलेला करार सर्व कामगारांना बंधनकारक. रोज नव्या पुढाऱ्याशी वाटाघाट करण्याची दगदग संपली. अहमदाबादेत ही व्यवस्था बराच काळ रुळली, कारण तेथील संघटनेची मुळे कामगारांत होती. मुंबईत मात्र कायद्याने मानलेली संघटना आणि कामगारांनी मानलेला पुढारी हे दोघे हळूहळू निराळे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी-कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर हा कायदाच रद्द करा अशीही त्यांची मागणी होती. मालकांपुढे विचित्र पेच उभा राहिला. ज्या संघटनेशी करार कायदेशीर ठरला असता, तिच्या शब्दाने यंत्रे सुरू होत नव्हती. ज्याच्या शब्दाने ती सुरू झाली असती, त्याच्याशी करार करण्यास कायद्यात जागा नव्हती. अर्थात अनेक मालकांना ही अडचण गैरसोयीची वाटली नाही. पडेल भावाचे जुने यंत्र चालविण्यापेक्षा ते बंद असलेले बरे, आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याच्याबरोबर गिरणगावातील हजारो संसार मोडले.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांची कहाणी हीही एका वेशीचीच कहाणी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याची मर्यादा यंत्रशक्ती असेल तर दहा माणसांची होती. म्हणून एकाच छपराखालील माग कागदोपत्री भाऊ, पुतणे, जावई यांच्या नावांवर वाटले जात, आणि प्रत्येकाच्या हजेरीपटावर नऊपेक्षा अधिक नावे चढत नसत. गिरण्यांच्या ऱ्हासाचे सारे खापर एकट्या कामगार कायद्यांवर फोडणे मात्र बरोबर नाही. १९५६ नंतर गिरण्यांच्या मागांच्या वाढीवर शासनानेच बंधने घातली आणि जकातीतही यंत्रमागाला सवलत होती. तरीसुद्धा दहा माणसांच्या वेशीने कापडधंद्याचे रूप पालटण्यास हातभार लावला, हे नाकारता येत नाही.

राज्याची सीमा हीच वेस झाली म्हणजे काय होते, हे बिडीच्या धंद्याने दाखविले. बिडी कामगारांसाठी केंद्राने १९६६ साली कायदा केला. परंतु त्याची अंमलबजावणी राज्यांकडे होती. केरळने १९६८ साली तो लागू केला, शेजारच्या म्हैसूर राज्याने तेव्हा केला नव्हता. कण्णूर भागात बिड्या वळून घेणाऱ्या मंगळूरच्या कारखानदारांनी आपली तेथील केंद्रे बंद केली, आणि सुमारे बारा हजार कामगार एकाएकी बेकार झाले. मंगळूर काही दूर नव्हते. तंबाखू आणि पान पाठवायला एक गाडी पुरत होती. त्यांतील कामगारांनी सरकारच्या साहाय्याने १९६९ साली ‘केरळ दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था उभारली आणि ती पुढे अनेक वर्षे यशस्वीपणे चालली. परंतु प्रत्येक ठिकाणी अशी संस्था उभी राहत नाही. सिन्नर वा सोलापूरकडे घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला राज्याराज्यांतील दरांची तफावत ठाऊक नव्हती. तिला मध्यस्थ ठेकेदार एवढेच सांगे, की माल आता दुसरीकडून स्वस्त येतो.

सर्वांत लहान मालकाला कायदा भेटतो तो दुकानाच्या दारात. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकाने व आस्थापना यांविषयी कायदा करून गुमास्त्याच्या कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी ठरविली. १९४८ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याचा अंमल नगरपालिकांकडे होता. वाणी, शिंपी, खाणावळवाला यांच्या दृष्टीने सरकार म्हणजे नगरपालिकेचा तो निरीक्षक. दुकान किती वाजता बंद झाले, नोंदवहीत नोकराची सही आहे की नाही, दारावर फलक आहे की नाही, एवढ्यावर त्याची भीती किंवा ओळख अवलंबून असे. महाराष्ट्राने २०१७ साली हा कायदा बदलला. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानदाराला नोंदणीऐवजी केवळ सूचना पुरेशी झाली आणि दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मोकळीक मिळाली. मालकाची दगदग खरोखरच कमी झाली. परंतु नऊ नोकरांच्या दुकानातील नोकर मात्र, ज्या वहीत त्याचे नाव असे, त्या वहीबाहेर गेला.

मोठ्या कारखानदाराच्या बाबतीत हाच संख्येचा प्रश्न कपात व टाळेबंदीच्या परवानगीभोवती घोटाळत राहिला. १९७६ साली तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कमी करण्यासाठी अथवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आली आणि १९८४ पासून ती अंमलात आली. शंभरावे माणूस घेणे म्हणजे दार आतून बंद करून घेणे, असे अनेक मालकांना वाटू लागले. कायम नोकर न वाढविता कंत्राटी माणसे घेण्याकडे कल वाढला. राजस्थानने २०१४ साली आपल्यापुरती मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली. इतर काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. २०२० च्या साथीच्या काळात तर राज्यांत जणू चढाओढ लागली. गुजरातने बारा तासांच्या पाळीला आणि जादा कामाच्या दुप्पट दराला सूट देणारा आदेश काढला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

केंद्राने एकोणतीस कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. वेतनाची संहिता २०१९ ची, उरलेल्या तीन २०२० च्या. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलात आल्या. पूर्वपरवानगीची मर्यादा देशभर तीनशे झाली, आणि संबंधित सरकारला ती आणखी वर नेण्याची मुभा राहिली. म्हणजे १८९१ साली प्रांतिक सरकारला वेस खाली आणण्याचा जो अधिकार होता, त्याचेच हे उलटे रूप. तेव्हा ती अधिक माणसांना आत घेण्यासाठी सरकवता येत होती. आता ती अधिक मालकांना बाहेर सोडण्यासाठी सरकवता येते.

या साऱ्या इतिहासात एक निराळा प्रयोगही आहे. मुंबईच्या बाजारातील माथाडी, हमाल व तोलारी यांना एक मालक कधीच नव्हता. सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसरीचे. म्हणून १९६९ साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कायदा केला. व्यापारी, कामगार व सरकार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक आकार मंडळाकडे भरावा, आणि मंडळाने मजुरी, रजा, भविष्यनिर्वाह निधी सांभाळावा, अशी योजना झाली. या योजनेत माणसे मोजावी लागत नाहीत; काम मोजावे लागते. किती नोकर ठेवले हा प्रश्न नाही, पाठीवरून किती माल गेला हा प्रश्न आहे. त्यामुळे नोकरांची संख्या लपविण्यात व्यापाऱ्याचा काहीच फायदा राहत नाही. या मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी झाल्या, नाही असे नाही. परंतु कल्पना मूळची भक्कम होती. २०२३ साली राजस्थानने मोबाइलवरून मागविलेला माल घरपोच करणाऱ्या व प्रवासी नेणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा प्रत्येक व्यवहारावर आकार व कल्याण मंडळ हीच वाट धरली. ज्या कंपन्या आपण मालक नाही असे म्हणत होत्या, त्यांच्याकडून नोकर किती हे न विचारता व्यवहार किती हे विचारले गेले.

जवळजवळ दीडशे वर्षांच्या या हिशेबातून मालकांच्या बाजूने एक न्याय्य मागणी निघते, आणि कामगारांच्या बाजूनेही एक निघते. कायदा पाळणाऱ्या मालकाला न पाळणाऱ्या शेजाऱ्याने स्वस्तात हरवू नये, ही पहिली. नऊ माणसांच्या गाळ्यातील दहावे माणूस कायद्याच्या दृष्टीने माणूसच राहावे, ही दुसरी. या दोन मागण्या परस्परविरुद्ध मानण्याची सवय उभय पक्षांना लागली आहे. वास्तविक पाहता दोन्हींचे दुखणे एकच आहे, आणि ते कायद्याच्या पोटात नसून त्याच्या वेशीवर आहे. १८९० च्या रविवारी मुंबईच्या सर्व गिरण्यांचे भोंगे एकदम थांबले, तेव्हा कोणत्याच मालकाला शेजाऱ्याची धास्ती वाटली नाही. सुट्टी स्वस्त झाली, ती ती सर्वांची होती म्हणून.